काचेच्या कपाटातला दोर

मित्रांनो, मी दोरखंड आहे. जुना आहे हे वेगळे सांगायला नको. नव्या दोरांजवळ सांगण्यासारखे काही नसते. माझी लांबी तीस वाव. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर. जाडी लहान मुलाच्या मनगटाएवढी. पन्नास वर्षे मी एकाच कॉलेजात राहिलो आणि वर्षातून एकच दिवस कामाला आलो. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस माझे काय होत होते, ते तुम्हांला सांगायचे आहे. जे बिघडले ते त्याच दिवसांत बिघडले.

घायपाताच्या पानांतले धागे काढून मला वळले. वळणारे नवरा-बायको होते. लांबलचक छपरीत बायको चाक फिरवायची आणि नवरा पीळ सांभाळत उलटा उलटा चालत जायचा. धाग्यांचे सूत झाले, सुतांचे पेड झाले आणि तीन पेड एकमेकांत वळून मी झालो. मला न्यायला कॉलेजचा कारकून आला, तेव्हा बायको त्याला म्हणाली, "ओढणारे कुठंही मिळतील हो. वाळवणारा एक बघून ठेवा."

"दोर म्हणजे काय धुणं आहे, वाळत घालायला?" कारकून म्हणाला आणि मला हातगाडीवर टाकून निघाला.

कॉलेज लहान. दोन मजले, तीनशे मुलेमुली, मागे मैदान आणि मैदानाच्या कडेला एक तळे. पाणी कमरेएवढे, तळाशी चिखल मात्र भरपूर. वर्षभराचे कार्यक्रम ठरलेले असत. सुरुवातीला नव्या मुलांचे स्वागत, मग वादविवाद, मग भित्तिपत्रक, मग नाटक आणि नाटकाआधीची भांडणे. सगळ्यात शेवटी, परीक्षेच्या तीन आठवडे आधी, 'ओढ'. तळ्याच्या एका काठावर शेवटच्या वर्षाची वीस मुलेमुली, दुसऱ्या काठावर पहिल्या वर्षाची वीस, आणि मध्ये पाण्यावर मी. माझ्या मध्यावर लाल फडके बांधलेले. हरणारे चिखलात पडत, जिंकणारे काठावरून हसत आणि मग तेही मुद्दाम उडी मारत.

रांगेतल्या शेवटच्या गड्याला 'खुंटा' म्हणत. खुंटा मला कमरेभोवती एक वेढा देऊन घेई, टाचेने जमिनीत खळगा करी आणि मागे रेलून उभा राही. बाकीच्यांना हात सोडता येत. खुंट्याला सुटता येत नसे. म्हणूनच तो मान मोठा. कॉलेजात पहिल्या वर्गात येणारे दरवर्षी दहा-बारा निघत, खुंटा बाजूला एकच.

पहिल्याच ओढीच्या वर्षी कॉलेजात मैदानाचा शिपाई म्हणून एक एकोणीस वर्षांचा तरुण लागला होता. त्याला सतरा प्रकारच्या गाठी येत, म्हणून पोरांनी त्याचे नाव गाठमामा ठेवले आणि पुढे तेच राहिले. त्याने मला तळ्यातून काढले, विहिरीच्या पाण्याने धुतले, मागच्या व्हरांड्यात लाकडी खुंट्यांवर सैल पसरले आणि आठ दिवस सावलीत ठेवले. रोज येऊन तो एका निमुळत्या लाकडी सळईने माझे पेड हलकेच उघडायचा, नाक जवळ नेऊन वास घ्यायचा आणि पुन्हा मिटायचा.

"मामा, दोराला न्हाऊमाखू घालता का हो?" पोरे चिडवायची.

"तुला घालायला तुझी आई आहे. याला कोण आहे?"

"मग मामा, आता पावडर पण लावा."

"तुझ्या तोंडाला लाव. सूर्य उगवल्यासारखं वाटेल सगळ्यांना."

अशी एकोणचाळीस वर्षे गेली. मी काही उपकार म्हणून हे सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो. एकोणचाळीस ओढी, दर ओढीनंतर आठ दिवस, आणि एकदाही माझ्या अंगातला एक धागा कुजला नाही.

माझी दशा झाली ती कौतुकामुळे. ऐका.

पस्तिसाव्या ओढीनंतर विद्यार्थ्यांच्या सभेत कोणीतरी सुचवले की, ज्या दोराने इतकी वर्षे साथ दिली त्याला खुंटीवर लोंबकळत ठेवणे बरे नव्हे. टाळ्या पडल्या. दर्शनी दालनात, प्राचार्यांच्या खोलीसमोर, माझ्यासाठी काचेचे कपाट आले. पितळी पाटी आली. आणि एक नवी प्रथाही आली: ओढ संपली की मला त्याच संध्याकाळी, ओल्या चिखलासकट, वाजतगाजत कपाटात नेऊन ठेवायचे. चिखल पुसायचा नाही. तो विजयाचा चिखल! वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावा.

गाठमामा सभेत हात वर करून उभा राहिला होता. "ओला दोर बंद कपाटात म्हणजे..." एवढेच तो बोलला. पुढचे टाळ्यांत बुडाले.

तरी त्याने वाट काढली. कपाटाची किल्ली त्याच्याकडे होती. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी तो 'काच पुसतो' असे सांगून कपाटावर चादर टाकायचा, मला बाहेर काढायचा, मागच्या व्हरांड्यात वाळवायचा आणि नवव्या दिवशी पुन्हा गुंडाळून आत ठेवायचा. वरून मैदानातला थोडा चिखल फासायचा. मुले काचेला नाक लावून म्हणायची, "बघ, बघ, आपला चिखल!" मामा शेजारी उभा राहून गंभीरपणे मान डोलवायचा.

मग तो निवृत्त झाला. जाताना त्याने एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'दर ओढीनंतर आठ दिवस सावलीत वाळवणे. पेड उघडून बघणे.' आणि कागद कपाटाच्या आतल्या बाजूला डकवला. पुढच्याच वर्षी मोठी पितळी पाटी आली. ती त्याच जागी ठोकली.

ते चाळिसावे वर्ष. माझा सन्मान करायचे ठरले. मी तळ्यातून नुकताच निघालो होतो, आतून चिंब होतो. दोन मुलांनी मला टेबलांवर पसरले आणि ब्रशने माझ्यावर चकचकीत रोगण चढवले. एक हात, दुसरा हात, तिसरा हात. मी लखलखू लागलो. पाहणारे म्हणाले, "कालच वळल्यासारखा दिसतो!" पाणी आत, रोगण बाहेर. ज्या वाटेने ते पाणी जायचे ती प्रत्येक वाट त्या दोन मुलांनी अगदी मन लावून बुजवली. त्यांना मी दोष देत नाही. इतक्या मायेने मला कोणी क्वचितच हाताळले असेल.

त्या दिवसापासून मी आत कुजू लागलो. तीन पेड जिथे एकमेकांना टेकतात, तिथे आधी. लाल फडक्यापासून शेवटच्या वर्षाच्या बाजूला दोन वावांवर एक जागा होती. कपाटात गुंडाळल्यावर ती नेमकी तळाशी दबायची. सगळ्या वेटोळ्याची ओल झिरपून तिथेच साचायची, म्हणून बाकी अंग बरेचसे वाचले आणि ती जागा गेली. लोक म्हणतात, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. खरे आहे. माझाही पीळ गेला नाही, तो बाहेरून जसाच्या तसा दिसत होता. सुंभ तेवढा गेला.

मित्रांनो, ज्याला तोंड नाही त्याने सांगायचे तरी कसे? मी वास सोडला. कुबट, जड वास. कारकुनाने नाक मुरडले आणि कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवल्या. मी झडू लागलो. तपकिरी भुकटी कपाटाच्या फळीवर साचू लागली. झाडणाऱ्या बाईने ती दर सोमवारी पुसून काढली. तिचे काम ती चोख करत होती. माझ्यावरचे रोगण तडकू लागले, तर त्यावर नवे रोगण आले. शेवटच्या काही ओढींत जोर लागला की आतले धागे तटतट तुटायचे. मी म्हणायचो, आता तरी ऐकतील. पण दोन्ही काठांवर एवढा आरडाओरडा असायचा की स्वतःचा आवाज स्वतःला येऊ नये. एकोणपन्नासाव्या ओढीत त्या कुजक्या जागी एक अख्खा पेड आतल्या आत तुटला. वरचे रोगण मात्र शाबूत राहिले. टाळ्या वाजल्या. मला ओल्या चिखलासकट कपाटात नेऊन ठेवले.

आता उरले दोन पेड, तेही अर्धे मेलेले. आणि पुढची ओढ पन्नासावी होती.

भरल्या जोरात दोर तुटतो तेव्हा काय होते, ते तुम्हांला ठाऊक नसेल. त्याची टोके चाबकासारखी मागे येतात. ती हाड मोडतात, डोळा घेतात. उरलेली माणसे एकमेकांवर कोसळतात, आणि सगळ्यांच्या खाली सापडतो तो खुंटा. तो बांधलेला असतो. मला हे दहा वर्षे कळत होते आणि काच बंद होती.

पन्नासाव्या ओढीचा शेवटच्या वर्षाचा खुंटा एक मुलगी होती. रुंद खांद्यांची, कमी बोलणारी. तीन वर्षे ती रोज सकाळी मैदानात एका झाडाला दोरी बांधून एकटी मागे रेलण्याचा सराव करायची. घरी तिला धाकली म्हणत. ती गाठमामाची नात होती.

ओढीच्या आदल्या दिवशी दुपारी ती आजोबांना घेऊन दालनात आली. मी त्याला अकरा वर्षांनी पाहिले. मोतीबिंदूने डोळे दुधाळ झाले होते. काठी भिंतीला लावत तो आला.

"या आजोबा, इथं. बघा कसा चकाकतोय!"

"चकाकतोय?" मामा थबकला. "दोर कधी चकाकतो का गं?"

"रोगण लावलंय त्याला. दर दोन वर्षांनी लावतात."

"आणि वाळवतात कधी?"

धाकली पितळी पाटीकडे बघू लागली. तो प्रश्न तिने कधी ऐकला नव्हता.

मामाने कपाट उघडायला लावले. आधी वास घेतला. मग त्याचे हात माझ्यावरून फिरू लागले. लाल फडक्यापासून सुरुवात करून तो अंगठा दाबत दाबत निघाला. एक वाव. दीड वाव. दोन. तिथे त्याचा अंगठा आत गेला आणि तो तसाच उभा राहिला. मी पन्नास वर्षांत इतका ओढला गेलो, पण त्या एका अंगठ्याएवढा जोर मला कधी जाणवला नाही.

"सरांना बोलव," तो म्हणाला.

क्रीडाशिक्षक आले. ते काही वाईट नव्हते. त्या दिवशी त्यांनी दोन घासही नीट खाल्ले नव्हते. सकाळपासून मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर यांच्या मागे धावत होते. दोनशे माजी विद्यार्थी येणार होते.

"सर, हा दोर उद्या वापरू नका. फडक्यापासून दोन वावांवर आतून गेलाय."

"मामा, काल सहा जणांनी ओढून पाहिलाय."

"सहा जणांनी! उद्या किती आहेत?"

"चाळीस. पण दिसायला तर कसा आहे बघा ना."

"दिसायला मीपण बरा दिसतो, सर. मला ओढून बघता का?"

सर हसले, पण घड्याळाकडे बघून. मामाने निमुळती सळई मागितली. पेड उघडून दाखवतो म्हणाला. तेव्हा सरांनी माझ्यावर हात आडवा धरला. "छे छे, भोसकू नका! ठेवा आहे तो कॉलेजचा. रोगण उडेल."

"मग नवा दोर आणा."

"नवा दोर? मग ती ओढ कसली मामा? लोक याच दोरासाठी येतायत."

प्राचार्यबाई खोलीतून बाहेर आल्या. त्यांनी दोघांचेही नीट ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "मामा, तुमच्या शब्दाला माझ्याकडे मान आहे. पण तुम्हांला आता दिसत नाही, हेही खरं ना?"

"दिसत नाही म्हणूनच सांगतोय, बाई. ज्यांना दिसतंय त्यांना फक्त रोगण दिसतंय."

बाई घड्याळाकडे बघून पुन्हा खोलीत गेल्या. परत जाताना धाकली हळूच म्हणाली, "आजोबा, माझं हे एकदाच आहे हो. परत नाही मिळायचं."

"मलापण तू एकच आहेस," मामा म्हणाला. ती पायाकडे बघत चालत राहिली.

ओढीच्या दिवशी सकाळी आणखी एक गोष्ट झाली. शेवटच्या वर्षात सगळीकडे पुढे पुढे करणारा एक मुलगा होता. तोंड कधी बंद नसे, म्हणून त्याला रेडिओ म्हणत. त्याच्या डोक्यातून कल्पना निघाली की पाहुण्यांना आठवण म्हणून या दोराचेच तुकडे द्यावेत. इंचा-इंचाचे, डबीत घालून, वर फीत बांधून. कोणालाच त्यात गैर वाटले नाही. त्यांनी शेवटच्या वर्षाच्या बाजूच्या टोकाकडून तीन वाव कापून घेतले. ते टोक कपाटात वरच्या बाजूला असे, त्यातली ओल खाली झिरपून जाई. त्यामुळे तुकडे चांगले ठणठणीत निघाले. आता दोन्ही बाजू सारख्या हव्यात, म्हणून त्यांनी मला पुन्हा मोजले आणि लाल फडके सोडून नव्या मध्यावर बांधले. फडके पहिल्या वर्षाच्या बाजूला दीड वाव सरकले. मामाला हे कोणी सांगितले नाही. सांगण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटलेच नाही.

दुपारी चार वाजता मला तळ्यावर आडवे टाकले. दोन्ही काठ माणसांनी भरले होते. पन्नाशी-साठीचे माजी विद्यार्थी पँट दुमडून चिखलात उभे राहून आपापल्या वर्षाच्या बढाया मारत होते. रेडिओ लाउडस्पीकरवर होता. "बंधूभगिनींनो, पहिल्या वर्षाची बाजू बघा! पंख्याच्या वाऱ्यात उडून जातील अशी माणसं निवडलीत! आणि इकडे आपला खुंटा, उपटून दाखवा!"

धाकलीने मला कमरेभोवती वेढा दिला. तिने टाचेने जमिनीत खळगा केला. मी एवढेच म्हणत होतो, आत्ता तुटू दे. सैल आहे तोवर तुटू दे. पण दोराला स्वतःहून तुटता येत नाही, मित्रांनो. त्याला कोणीतरी ओढावेच लागते.

शिट्टी वाजणार, इतक्यात गाठमामा पाण्यात उतरला. त्याच्या हातात कोयता होता. कॉलेजच्या माळ्याने तो काहीही न विचारता दिला होता. मामा चाचपडत कमरेएवढ्या पाण्यात आला, लाल फडके हाताला लागेपर्यंत पुढे सरकला आणि तिथून शेवटच्या वर्षाच्या काठाकडे माझ्यावर हात पसरून मोजू लागला. एक. दोन.

मी आतल्या आत ओरडत होतो. तिथे नाही! अजून दीड वाव पुढे! फडकं सरकवलंय, मामा!

"मामा, काय करताय? बाहेर या!" सर ओरडले.

मामाने मला खांद्यावर टेकवले आणि कोयता चालवला. मी चिवट होतो. तिथे तर अगदीच धडधाकट होतो. पाच वेळा, सहा वेळा त्याने घासले, रोगणाचे तुकडे उडाले आणि मी दोन झालो. मामाने कापलेले टोक वर धरले आणि सगळ्यांना दाखवले.

"बघा! आता बघा!"

सगळ्यांनी बघितले. कापलेला भाग सोनेरी, घट्ट, एकसारखा होता. एक धागा तपकिरी नव्हता.

मामाने बोट लावून पाहिले. मग पुन्हा लावले. त्याचा चेहरा मी बघितला, आणि तो मला कायम दिसणार आहे.

काठावर आधी कोणीतरी हसले. मग बरेच जण. एक गलेलठ्ठ माजी विद्यार्थी ओरडला, "अहो, पन्नास वर्षांचा ठेवा कापला यांनी! म्हाताऱ्याला सोडलं कोणी आत?" दुसरा म्हणाला, "पेन्शन बंद करा त्यांची!" सर पाण्यात उतरले. त्यांनी मामाच्या हातून कोयता काढून घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, "घरी जा मामा. प्लीज." मग त्यांनी माझी दोन्ही टोके एकमेकांत अडकवून घट्ट गाठ मारली. दोन माणसांनी ताणून पाहिली. बसली.

"गाठमामांच्या सन्मानार्थ एक गाठ!" रेडिओ म्हणाला, आणि हशा फुटला.

धाकली हसली नाही. तिने आजोबांकडे बघितलेही नाही. ती खालमानेने खळग्यात टाच रोवत होती. तिचे कान लाल झाले होते.

वाटले, संपले. ज्याने मला ओळखले त्याचाच नेम मी चुकवला होता. आता याच्यानंतर कोण विचारणार?

"तयार!" सरांनी शिट्टी तोंडाशी नेली.

पण मामा पाण्याबाहेर गेलाच नव्हता. गाठीपासून तो अंगठा दाबत दाबत शेवटच्या वर्षाच्या काठाकडे निघाला होता. अर्धा वाव. एक. दीड. तो थांबला. यावेळी तो कोणाला काही दाखवायला गेला नाही. त्याने मला तिथेच दोन्ही हातांनी छातीशी धरले, एक वेढा स्वतःच्या दंडाला घेतला आणि उभा राहिला.

"ओढा आता," तो म्हणाला.

"मामा, बाजूला व्हा!"

"दोर चांगला आहे ना? मग मी उभा राहिलो तर काय बिघडलं? ओढा. इथनं तुटला तर पहिला फटका मला बसेल. नाही तुटला तर मी खोटा. माझं म्हणणं संपलं."

हसू थोडे कमी झाले. पहिल्या वर्षाच्या काठावर दोन-तीन जणांनी हात सैल सोडले. "ओढ! ओढ!" अशी मागून एक आरोळी आली. पुढचे कोणी तिला साथ देईना. रेडिओने तोंड उघडले, मिटले आणि हातातला माईक खाली ठेवला. त्याला बोलणे सुचत नाही असे कॉलेजात पहिल्यांदाच घडत होते.

"आजोबा, बाहेर या," धाकली म्हणाली.

"तू ओढ. तू खुंटा आहेस."

"सगळे बघतायत हो!"

"बघू देत की. त्याचसाठी आलेत."

"एकदा कापून दाखवलंत ना! काही निघालं नाही ना त्यात!" तिचा आवाज फाटला. "तुम्हांला नाही कळत आता, आजोबा. नाही कळत."

मामाने दंडावरचा वेढा आणखी आवळला. पाणी त्याच्या कमरेला लागत होते आणि तो थरथरत होता, म्हणून मीही थरथरत होतो. ते थरथरणे माझ्यातून एकोणीस जणांच्या हातांतून मागे गेले आणि शेवटी तिच्या कमरेला पोचले.

धाकलीने खळग्यातून टाच काढली. मग तिने वेढा सोडला.

खुंट्याने ओढीआधी वेढा सोडणे म्हणजे बाजू हरणे, हा नियम पन्नास वर्षांचा. तिच्याच रांगेतले एक-दोघे ओरडले, "अगं, काय करतेस!" ती पाण्यात उतरली, आजोबांच्या समोर येऊन उभी राहिली आणि रागाने म्हणाली, "कुठं? दाखवा कुठं!"

मामाने तिचा अंगठा धरला आणि माझ्यावर ठेवला.

अंगठा नखापर्यंत आत गेला.

तिने हात मागे घेतला. पुन्हा दाबून पाहिले. मग तिने दोन्ही हातांनी मला धरून उलटा पीळ दिला. रोगण तडकले, परवा सहा जणांचा जोर कसाबसा पेललेले धागेही तटतट तुटले, आणि माझ्या आतून दहा वर्षांची तपकिरी भुकटी पाण्यावर सांडली. ओल्या मातीचा, बंद तळघराचा वास पसरला. तिने दोन्ही मुठी आवळल्या आणि झटका दिला. मोठा नव्हे, वाळली काडी मोडायला देतात तेवढा. मी तुटलो.

चाळीस जणांच्या जोरासाठी ठेवलेला दोर एका मुलीने दोन हातांनी तोडला. तळ्यावर इतकी शांतता झाली की भुकटी पाण्यात विरघळताना ऐकू यावी.

क्रीडाशिक्षकांनी गळ्यातली शिट्टी काढून ठेवली. त्यांनी शेवटच्या वर्षाच्या वीस जणांकडे पाहिले, एकेकाकडे पाहिले, जणू मोजत होते. प्राचार्यबाई चपला तशाच पायांत ठेवून पाण्यात शिरल्या आणि त्यांनी मामाच्या दंडावरचा वेढा स्वतः सोडवला. त्या गलेलठ्ठ माणसाने आपल्या हातातली फीत बांधलेली डबी खिशात घातली, आणि त्यानंतर तो कोणाला दिसला नाही.

धाकली आजोबांना धरून उभी होती. ती रडत होती, आणि ते एकाच गोष्टीसाठी नव्हते. आजोबा वाचले होते, ती वाचली होती आणि तिची ओढ गेली होती. तीन वर्षे झाडाशी केलेला सराव तिथेच राहिला. तीन आठवड्यांनी परीक्षा झाली आणि ती कॉलेज सोडून गेली. तिच्या नावापुढे कुठेही 'खुंटा' लिहिलेले नाही. पन्नासाव्या वर्षासमोर कॉलेजच्या वहीत 'ओढ झाली नाही' एवढीच ओळ आहे.

माझे तुकडे माळ्याने पाचोळ्याच्या खड्ड्यात टाकले. आता राहिलेला मीही कुजतो आहे. यावेळी कुजणे हेच माझे काम आहे, त्यामुळे तक्रार नाही. कॉलेजने नवा दोर घेतला, असे कानावर आले. त्याच्यासाठी नवे कपाट घ्यावे की नाही, यावर सभेत दोन तास चर्चा झाली म्हणतात. काय ठरले ते मला माहीत नाही, आणि तेच माझ्या जिवाला लागून राहिले आहे.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, कॉलेजात, घरात अशी एखादी गोष्ट नक्की असेल, जिचा तुम्हांला फार अभिमान आहे. एखादी शिडी, एखादा पूल, एखादा झोका, एखादे म्हातारे माणूसही. तिला हार घालायच्या आधी हाताने दाबून बघा. वर्षातला एक दिवस तिचा साजरा करताना उरलेले दिवस तिला कोण वाळवते, ते विचारा. आणि कोणी म्हटले की आतून काहीतरी बिघडले आहे, तर त्याचा नेम एकदा चुकला म्हणून त्याला हसू नका; जरा इकडेतिकडे शोधा.

मला बोलता येत नव्हते. जे मी दहा वर्षे सांगत होतो, ते सांगायला एका आंधळ्या म्हाताऱ्याला पाण्यात उभे राहावे लागले आणि आपल्याच नातीसमोर खोटे ठरावे लागले. माझ्या नशिबाने तो आला. तुमच्याकडच्या दोराला असे कोणी आहे का?